पिंपळपानाची कुळकथा

जयपूर शहराच्या दक्षिणेला सीतापुरा नावाची औद्योगिक वसाहत आहे. रत्ने आणि दागिने परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यांसाठी तिथे विशेष आर्थिक क्षेत्र आहे, आणि डिसेंबरात जवाहिऱ्यांचे मोठे प्रदर्शन भरते तेही तिथेच. पाचूला पैलू पाडावेत तर जयपूरवाल्यांनीच, असे सराफ्यातला कोणीही सांगेल. देशाचे सर्वांत मोठे ‘रत्न’ मात्र इथे घडत नाही. ते कोलकात्याच्या अलिपूर टाकसाळीत घडते, आणि त्यात औषधालाही एक खडा नाही.

भारतरत्नाचे पदक म्हणजे कांस्याचे पिंपळपान. लांबी सुमारे ५९ मिलिमीटर, रुंदी ४८, जाडी जेमतेम ३. एका बाजूला किरणे फाकलेला प्लॅटिनमचा सूर्य आणि त्याखाली देवनागरीत ‘भारत रत्न’. दुसऱ्या बाजूला राजमुद्रा आणि ‘सत्यमेव जयते’. पानाची कडही प्लॅटिनमची. गळ्यात घालायला पांढरी फीत. त्याच्यासोबत राष्ट्रपतींच्या सहीची सनद मिळते. पैसे एक रुपयाही मिळत नाहीत.

या पानाचे कूळ शोधायचे तर आधी पदव्यांच्या जुन्या बाजारात डोकवावे लागते, आणि तिथेही जयपूर भेटतेच. हे शहर वसवणारे राजे सवाई जयसिंह. त्यांची ‘सवाई’ औरंगजेबाकडून आली असे तिथली परंपरा सांगते. हेच जयसिंह १७०२ साली मोगली फौजेतून आपल्या विशाळगडाच्या वेढ्याला आले होते. बादशहाने पदवी द्यायची आणि मांडलिकाने ती नावाआधी मिरवायची, हा रिवाज तेव्हा सर्वमान्य होता. पुढे सवाई पुण्यालाही आली. आधी ती पेशवे माधवरावांच्या नावाला लागली आणि मग कुंदगोळच्या रामभाऊंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या. ही शेवटची सवाई मात्र कोणा दरबारातून आली नव्हती, ती नाट्यरसिकांची देणगी होती. त्याच सवाई गंधर्वांच्या शिष्याला, भीमसेन जोशींना, २००८ साली भारतरत्न जाहीर झाले.

इंग्रजांनी हा बाजार पद्धतशीर मांडला. रावसाहेब, रावबहादूर, सी.आय.ई., सर अशा पायऱ्याच त्यांनी बांधल्या. न्यायमूर्ती रानडे रावबहादूर होते, भांडारकर सर झाले. त्यात कमीपणा होता असे मी म्हणणार नाही. दोघांची विद्वत्ता पदवीच्या कितीतरी वर होती. पण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१४ साली ‘सर’की नाकारली, तेव्हा वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे हे दिसू लागले होते. लोकांनी आपल्या पदव्या स्वतः द्यायला सुरुवात केलीच होती. जोतीराव फुल्यांना मुंबईकरांनी ११ मे १८८८ रोजी ‘महात्मा’ केले. टिळक लोकमान्य झाले, बापट सेनापती, भाऊराव पाटील कर्मवीर. यातल्या एकाही पदवीला सनद नाही.

हा अनुभव गाठीशी असल्यामुळे संविधानकर्त्यांनी अठराव्या अनुच्छेदात सरळ लिहून टाकले: लष्करी किंवा विद्याविषयक बहुमान सोडला तर राज्यसंस्था कोणालाही किताब देणार नाही. २६ जानेवारी १९५० रोजी रावबहादुरांचा धंदा कायद्याने बसला.

आणि चारच वर्षांत, २ जानेवारी १९५४ रोजी, राष्ट्रपतींच्या सचिवालयाने दोन नव्या सन्मानांची घोषणा केली. एक भारतरत्न आणि दुसरा तीन वर्गांचा पद्मविभूषण. वर्गांची नावेही पहिला, दुसरा, तिसरा अशी, रेल्वेच्या डब्यांसारखी होती. वर्षभराने त्यांचे पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री झाले. भारतरत्न कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा एवढ्यांसाठीच होते, आणि ते मरणोत्तर द्यायचे नाही असे ठरले होते. मरणोत्तराची वाट १९५५ साली उघडली. त्या वाटेने पहिले गेले ते लालबहादूर शास्त्री, १९६६ साली.

पदकाचा पहिला आराखडा आजच्या पानासारखा नव्हताच. ३५ मिलिमीटर व्यासाची सोन्याची गोल चकती, मध्ये सूर्य, वर अक्षरे, खाली फुलांची माळ. कुठल्याही राजदरबारात शोभावे असेच ते पदक. वर्षभरात ते बाजूला पडले. सोने गेले, गोल आकार गेला, पिंपळाचे पान आले. तो निर्णय मला या सगळ्या कथेतला सर्वांत चांगला वाटतो. चकती तर कोणत्याही देशाची असू शकते, पण पिंपळ आपल्याकडे गावोगावच्या पारावर आहे, आणि कांस्य सोन्यापेक्षा साधे आहे. किताब द्यायचा नाही हे ज्या देशाने ठरवले, त्याच्या पदकाला हे साजेसे झाले.

पहिल्या वर्षीचे मानकरी राजगोपालाचारी, राधाकृष्णन आणि सी. व्ही. रमण. तिघेही जुन्या मद्रास इलाख्यातले, हा योगायोगच. मराठी मुलखात हे पान पहिल्यांदा आले १९५८ साली, धोंडो केशव कर्वे यांच्याकडे. कर्व्यांनी तेव्हा वयाची शंभरी गाठली होती. त्या वर्षी १८ एप्रिलला त्यांच्या चित्राचे टपाल तिकीटही निघाले. हयात भारतीयाचे तिकीट निघण्याची ती पहिलीच वेळ. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले म्हणून ज्या मुरुडने त्यांना वाळीत टाकले, त्याच मुरुडचा हा माणूस. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव संततिनियमनाचा प्रचार करत, कोर्टाची पायरी चढत १९५३ साली गेले. त्यांच्या वाट्याला कुठलेच पान आले नाही. समाजाची नाराजी ओढवून घेतलेल्या माणसाला सरकार सन्मान देते, पण ती नाराजी पुरती विरल्यावर.

१९६३ साली पांडुरंग वामन काणे यांची निवड झाली. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३० पासून १९६२ पर्यंत पाच खंडांत निघत होता. सरकारी बहुमान इतका नेमका लागू पडल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. गंमत अशी की १९४२ साली इंग्रज सरकारने दिलेली ‘महामहोपाध्याय’ ही त्यांची पदवी लोकांच्या तोंडी कायम राहिली. कर्व्यांचेही तेच. ‘भारतरत्न कर्वे’ असे कोणी म्हणत नाही. ते महर्षी कर्वेच.

बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट उलटी आहे आणि जास्त बोलकी आहे. पुरस्कार सुरू झाला तेव्हा ते हयात होते, पुढे जवळजवळ तीन वर्षे होते. त्यांच्या निधनानंतर ३३ वर्षांनी, १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना त्यांना भारतरत्न जाहीर झाले आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी ते स्वीकारले. ज्यांच्या मसुदा समितीने किताबबंदीचा अनुच्छेद संविधानात आणला, त्यांच्याच नावाआधी आज महाराष्ट्रातल्या कमानींवर, शाळांवर, रुग्णालयांवर ‘भारतरत्न’ लिहिलेले असते. नियम काय सांगतो? हा पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर लावता येत नाही. फार तर ‘भारतरत्न पुरस्कारप्राप्त’ असे लिहावे. लोकांना हा नियम ठाऊक नाही, आणि ठाऊक झाला तरी ते मानणार नाहीत. इतकी वर्षे जे द्यायला दिल्लीने टाळाटाळ केली, ते मिळाल्यावर झाकून ठेवा असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

किताब की पुरस्कार, हा वाद दिल्लीतही रंगला. आचार्य कृपलानींनी १९६९ साली असे सगळे सन्मान बंद करण्याचे विधेयक लोकसभेत आणले. ते फेटाळले गेले. १९७७ साली जनता सरकार आले आणि १३ जुलैला मोरारजी देसाईंनी सन्मान थेट बंदच केले. २५ जानेवारी १९८० रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने ते पुन्हा सुरू केले. १९९१ साली भारतरत्न कोणाला मिळाले? मोरारजींनाच. मोरारजींविरुद्धच्या संयुक्त महाराष्ट्र लढ्याच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांनी तेव्हा काय म्हटले असेल याचा अंदाज वाचकांनी बांधावा. पुढे १९९२ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्यासाठी मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, आणि ‘मरणोत्तर’ या शब्दावरूनच तंटा उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ साली ती घोषणा रद्द ठरली.

त्याआधी, १५ डिसेंबर १९९५ रोजी, सरन्यायाधीश अहमदी यांच्या पाच सदस्यांच्या पीठाने मूळ वादाचा निकाल दिला होता. हे किताब नव्हेत, म्हणून अठराव्या अनुच्छेदाचा भंग होत नाही. मात्र कोणी ते नावाला चिकटवले तर पुरस्कार काढून घ्यावा. न्यायालयाने निवडीच्या ढिलाईबद्दलही कान टोचले होते.

कान टोचून घेतलेले कोणी विशेष मनावर घेतले नाही. पद्म पुरस्कारांसाठी निदान समिती बसते, नामनिर्देशने मागवली जातात. भारतरत्नासाठी औपचारिक शिफारशीची गरज नाही. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना सुचवायचे, झाले. २०११ साली नियम बदलून ‘मानवी कर्तृत्वाचे कोणतेही क्षेत्र’ खुले केले आणि दोन वर्षांनी, वानखेडेवरची शेवटची कसोटी संपली त्याच दिवशी, सचिन तेंडुलकरांचे नाव जाहीर झाले. चाळिशीतला माणूस, इतक्या लहान वयात हा मान दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. वर्षाला जास्तीत जास्त तीन हा संकेत असताना २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, पाच नावे आली.

तरीही या पानाचा मान घसरलेला नाही, याचे श्रेय ते देणाऱ्यांकडे जात नाही. लताबाई, बिस्मिल्ला खाँ, जे. आर. डी. टाटा, विनोबा अशा माणसांनी आपले वजन त्याला उसने दिले आहे. म्हणून तर प्रत्येक समाजाला आपल्या पूर्वजाचे नाव त्या यादीत हवे असते. सावरकरांसाठी मागणी होते, अण्णा भाऊ साठ्यांसाठी होते. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने फुले दांपत्याला भारतरत्न द्यावे असा ठराव एकमताने केला. जोतीरावांना लोकांची पदवी मिळून तेव्हा १३७ वर्षे होत आली होती.

या मागण्यांना माझा विरोध नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. राजपत्रात आज फक्त नाव छापले जाते. त्याखाली दोन ओळी छापाव्यात: कशासाठी दिले, आणि कोणी सुचवले.