काळ्या रंगाचा उजेड

'त्वचा पुन्हा तरुण करून देतो' अशा जाहिराती हल्ली आमच्या मंठ्यातसुद्धा घरोघरी मोबाईलवर दिसतात. एक आधीचा फोटो, एक नंतरचा. मास्तरकी केलेल्या माणसाला लगेच प्रश्न पडतो, पेपर तपासला कोणी? दिव्याची जागा बदलली तरी फोटोतली सुरकुती नाहीशी होते.

पूर्वी खात्रीची तपासणी म्हणजे बायॉप्सी. कातडीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. पण चेहरा सुधारायला आलेला माणूस गालावर व्रण कसा पाडून घेईल? शिवाय कापलेली जागा महिन्याने पुन्हा तपासताही येत नाही.

यातून वाट काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचे पेटंट मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली मागितले होते. बारीक छिद्रातून एकाच थरावरचा प्रकाश घ्यायचा, वरखालचा अडवायचा, अशी त्याची युक्ती. पुढे १९९५ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी याच तत्त्वावर, लेसर वापरून, जिवंत माणसाच्या त्वचेची चित्रे प्रसिद्ध केली. निबंधावर पहिले नाव मिलिंद राजाध्यक्ष! आडनाव वाचून ऊर भरून आला. सहलेखकांत रॉक्स अँडरसन होते. त्यांनीच जॉन पॅरिश यांच्यासोबत १९८३ साली त्वचेवरच्या लेसर उपचारांचे तत्त्व मांडले होते. म्हणजे औषध आणि परीक्षा एकाच घरातली.

त्या निबंधातली खरी गंमत पुढेच आहे. त्वचेला काळेपणा देणारे मेलॅनिन प्रकाश जोराने परत फेकते, म्हणून या चित्रात त्याच्या पेशी सर्वांत उजळ दिसतात. ज्या रंगापायी आपल्याकडे कितीतरी मुलींना नकार ऐकावे लागले, तोच रंग यंत्राला वाट दाखवतो.

उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या बायांच्या गालांवर वांग येतो. उपचारानंतर त्याचे मेलॅनिन कमी झाले का, कातडीतले कोलॅजेनचे धागे सुधारले का, हे तीच जागा न कापता पुन्हा पुन्हा पाहून सांगता येते. अर्थात हे यंत्र पाव मिलिमीटरच्या आसपासच पोचते. त्याखाली पाहायला अल्ट्रासाउंडसारखी दुसरी साधने लागतात. राजाध्यक्षांनी पुढे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये हीच दृष्टी त्वचेच्या कर्करोगाच्या निदानाकडे वळवली. मला ते काम अधिक मोलाचे वाटते.

असो. घरातल्या लेकीसुनांना माझे एवढेच सांगणे आहे. पैसे भरण्याआधी विचारा, 'फरक पडला हे तुम्ही मोजता कशाने?' उत्तरादाखल नुसता फोटो पुढे आला, तर चहा पिऊन घरी या.