जुन्या डिझेल मालमोटारीतील इंधनपंपाचे निदान : डेराबस्सीच्या रस्त्याच्या संदर्भात एक विचार

चंदीगडहून अंबाल्याकडे जाताना झिरकपूर मागे पडते, घग्गर नदीचा पूल ओलांडला जातो आणि डेराबस्सी लागते. 2006 पर्यंत पतियाळा जिल्ह्यात असलेले आणि त्यानंतर साहिबजादा अजितसिंह नगर जिल्ह्यात आलेले हे औद्योगिक गाव मराठी अभ्यासकाच्या नजरेत सहसा येत नाही. परंतु मालवाहतुकीच्या इतिहासात त्याच्या स्थानाला विशेष अर्थ आहे. दक्षिणेला अंबाल्याजवळ हा रस्ता ग्रँड ट्रंक रोडला मिळतो. उत्तरेला झिरकपुराहून एक फाटा काल्का आणि सिमल्याच्या चढणीला लागतो. सपाटीवर भरधाव धावणे आणि डोंगर चढणे ही दोन्ही कामे येथील मालमोटारीला करावी लागतात. यंत्राच्या शोधाचा इतिहास वारंवार लिहिला जातो, दुरुस्तीचा क्वचितच. प्रस्तुत लेखात जुन्या डिझेल मालमोटारीतील इंधनपंपाच्या बिघाडाचे निदान कसे घडत गेले, याचा विचार या रस्त्याच्या संदर्भात केला आहे.

रूडॉल्फ डिझेल याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी 1897 मध्ये आउग्सबुर्ग येथे झाली. त्या इंजिनात इंधन दाबाखालील हवेच्या झोताबरोबर आत सोडले जाई आणि त्यासाठी स्वतंत्र जड कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात आणि जहाजावर हे चालण्यासारखे होते; रस्त्यावर नव्हे. 1923-24 च्या सुमारास जर्मनीत डिझेलवरच्या मालमोटारी तयार झाल्या, तरी त्यांच्या प्रसाराला खरी गती आली ती 1927 मध्ये बॉश कंपनीने इंधनपंपाचे नियमित उत्पादन सुरू केल्यानंतर. डिझेल इंजिन रस्त्यावर आणण्याचे श्रेय त्यामुळे इंजिनाइतकेच या पंपालाही द्यावे लागते.

भारतात 1945 मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोने 1954 मध्ये डेमलर-बेन्झ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि टाटा-मर्सिडीज-बेन्झ मालमोटारी जमशेदपूरहून देशभर गेल्या. तत्पूर्वी 1951 मध्ये बॉशच्या सहकार्याने बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे ‘मिको’, स्थापन झाली होती. 2008 मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. पंप बंगळूरचा आणि नोझल नाशिकच्या सातपूरचे, अशी विभागणी पुढे रूढ झाली. पंजाबातील मालमोटारीच्या इंजिनात महाराष्ट्राचा वाटा असा बसलेला आहे. मराठी ग्रामीण समाजाची या यंत्राशी ओळख मात्र मालमोटारीपेक्षा विहिरीवरच्या इंजिनामुळे अधिक झाली. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि ‘लाइनमध्ये हवा धरली’, ‘नोझल मारत नाही’ यांसारखे शब्दप्रयोग शेतकऱ्याच्याही तोंडी आले. एका सिलिंडरच्या इंजिनावर शिकलेले निदानाचे सूत्र सहा सिलिंडरांच्या मालमोटारीलाही लागू पडत असे.

हे सूत्र समजण्यासाठी पंपाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या सहा सिलिंडरी इंजिनाच्या पंपात एका ओळीत सहा प्लंजर असतात. प्रत्येक प्लंजर आपल्या बॅरलमध्ये अवघ्या काही मायक्रॉनच्या फटीने खालीवर होतो. त्याच्या अंगावर तिरपी खाच असते. रॅक सरकली की प्लंजर स्वतःभोवती फिरतो आणि त्या खाचेमुळे इंधन कमीअधिक जाते. पंप इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे करीत असेल, तर प्रत्येक प्लंजर मिनिटाला हजार वेळा, दर वेळी एका घनसेंटिमीटरच्या दशांशाहूनही कमी इंधन, दोनशे वातावरणांच्या आसपासचा दाब लागणाऱ्या नोझलकडे पाठवितो. या प्लंजरांना वंगण मिळते ते डिझेलचेच. म्हणून पाणी, धूळ आणि भेसळ हे पंपाचे खरे शत्रू होत.

असा नाजूक अवयव रस्त्याच्या कडेला उघडणे म्हणजे तो बिघडविणे. निदानाच्या परंपरेचे पहिले तत्त्व यातूनच आले : पंप हा शेवटचा आरोपी. गाडी ओढत नाही, अशी तक्रार आली की जाणता मिस्त्री टाकीपासून सुरुवात करतो. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे काय, फीड पंपाची जाळी साफ आहे काय, फिल्टर तुंबले आहेत काय, हे तो आधी पाहतो. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारतो. बुडबुडे येतच राहिले, तर फीड पंपाच्या अलीकडे कोठेतरी नळी हवा ओढते आहे. बुडबुडे थांबून अखंड धार आली आणि इंजिन सुधारले, तर पंपाला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

दुसरा पुरावा धुराचा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. परंतु त्याचे कारण तुंबलेला एअर फिल्टर किंवा थेंब गाळणारे नोझल हेही असू शकते. पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा. थंड इंजिन, उशिरा लागलेले टायमिंग किंवा घटलेले कॉम्प्रेशन ही त्याची कारणे. निळा धूर इंजिन ऑइलचा, आणि त्याचा इंधनपंपाशी सहसा संबंध नसतो. एकाच रंगामागे अनेक कारणे संभवतात, त्यामुळे धूर दिशा दाखवितो, निवाडा देत नाही.

निवाड्याच्या जवळ नेणारी कसोटी पुढची आहे. इंजिन मंद गतीवर ठेवून नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट क्रमाने एकेक सैल करावयाचे. चांगल्या सिलिंडरचे इंधन तुटले की आवाज लगेच बदलतो. ज्याचे तोडूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच काम करीत नाही. मग त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावावयाचे. दोष नोझलबरोबर गेला, तर नोझल दोषी. जागेवरच राहिला, तर कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह अथवा पंपाचा तो घटक संशयित ठरतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावा, हा प्रयोगशाळेतील नियम येथे पान्याच्या साहाय्याने पाळला जातो. उच्च दाबाचा झोत त्वचेत शिरून गंभीर इजा करू शकतो, म्हणून हात दूर ठेवण्याची शिस्तही या पद्धतीचाच भाग आहे.

टायमिंग तपासण्याची रीतही अशीच साधी आहे. पहिल्या घटकाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून इंजिन हाताने हळूहळू फिरवावयाचे. वाहती धार थांबून थेंब पडू लागले, की तो इंधन सुटण्याचा क्षण. त्या वेळी फ्लायव्हीलवरची खूण जुळली पाहिजे. येथवर सर्व निर्दोष ठरले, तरच पंप उतरवून टेस्ट बेंचवर न्यावा. तेथे ठरावीक गतीला ठरावीक झोतांमध्ये प्रत्येक घटक किती इंधन देतो, हे काचेच्या नळ्यांत मोजले जाते. सहाही नळ्यांतील पातळी सारखी नसेल, तर पंपाचा दोष सिद्ध होतो. त्यापूर्वी गव्हर्नरचे सील तोडून इंधन वाढविणे म्हणजे आजार न ओळखता औषधाची मात्रा वाढविणे होय.

डेराबस्सीचे वैशिष्ट्य येथे प्रत्ययास येते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर आहे. सिमला बावीसशे मीटरहून अधिक. तेथे हवेची घनता सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते, परंतु टर्बोचार्जर नसलेल्या जुन्या इंजिनाचा पंप सामान्यतः सपाटीवरच्या मापानेच इंधन देत राहतो. अशी गाडी डोंगरावर काळा धूर सोडते आणि खाली येताच सुधारते. हा पंपाचा आजार नव्हे, उंचीचा परिणाम आहे. जानेवारीतील धुक्याच्या पहाटे दिसणारा पांढरा धूरही इंजिन तापल्यावर नाहीसा झाला, तर त्याची दखल घेण्याचे कारण नाही. कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढणाऱ्या मराठी चालकाला हा अनुभव एवढ्या तीव्रतेने येत नाही. निदानाचे ज्ञान एकच असले, तरी त्याचे वाचन भूगोलानुसार बदलते.

या विषयाला एक गंभीर सामाजिक बाजूही आहे. अनुदानित रॉकेल दीर्घकाळ डिझेलपेक्षा स्वस्त राहिले आणि त्याची भेसळ फोफावली. रॉकेलचा वंगणगुण कमी असल्याने प्लंजर झिजतात. पंपाची झीज हा मग केवळ यांत्रिक दोष राहत नाही. तो इंधनाच्या बाजारातील अप्रामाणिकपणाचा पुरावा होतो. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ इंधनाची भेसळ रोखण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. ज्या व्यवहाराची किंमत मालमोटारीचा मालक पंपाच्या दुरुस्तीत मोजत होता, त्याची किंमत एका अधिकाऱ्याने प्राण देऊन मोजली.

एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत दहापर्यंत खाली आले. गंधक काढताना इंधनाचा नैसर्गिक वंगणगुणही घटतो, म्हणून तो पूरक द्रव्यांनी भरून काढावा लागतो. नव्या कॉमन रेल इंजिनांत नळीतील दाब इतका प्रचंड असतो की नट सैल करून पाहण्याची जुनी कसोटी तेथे जिवावर बेतू शकते. दोषाचा संकेतांक आता स्कॅनर दाखवितो. परंतु तो संकेतांकही धुरासारखाच दिशादर्शक असतो. त्यामागे तुटलेली तार आहे, तुंबलेला फिल्टर आहे की खरोखर पंप, हे क्रमानेच ठरवावे लागते. नटाची कसोटी जुन्या पंपाबरोबर इतिहासजमा होईल. स्वस्त आणि सोप्या शक्यता आधी तपासाव्यात, महागड्या अवयवावर पुराव्यावाचून आरोप ठेवू नये, हा विवेक मात्र टिकविला पाहिजे. कारण ज्याचा महिन्याचा हप्ता त्या गाडीवर चालतो, त्याचे संरक्षण त्यातच आहे. हा विवेक आजवर बहुतांशी बोलीत आणि हातात जपला गेला. तो मराठीत लिहून ठेवणे हे इतिहासलेखनाचेच काम आहे.