घशाची फिर्याद

लँकेशायरमधील रॉचडेल हे गाव मूळचे कापसाचे. परंतु वाफेच्या यंत्रांना आगीत न जळणाऱ्या आवरणाची गरज भासू लागली, तेव्हा टर्नर बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे ॲस्बेस्टॉस नावाचा तंतुमय दगड कापसाप्रमाणेच पिंजून, कातून व विणून त्याचे कापड काढण्याचा धंदा आरंभिला. दगडाचे सूत व्हावे, ही त्या युगाला मोठ्या कौतुकाची गोष्ट वाटली असल्यास नवल नाही. पिंजणखात्यात उडणाऱ्या धुळीचे कौतुक मात्र कोणास नव्हते.

या धुळीविरुद्ध पहिली सरकारी तक्रार ल्यूसी डीन या कारखाना-निरीक्षक स्त्रीची आहे. १८९८ सालच्या अहवालात तिने या धुळीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखे तीक्ष्ण व दंतुर दिसतात, आणि त्यांचा परिणाम अपायकारक होतो, असे नमूद केले. अहवाल छापला गेला व यथाशास्त्र दप्तरदाखल झाला. पुढे १९०६ साली नुकसानभरपाईच्या चौकशी-समितीपुढे लंडनचे डॉक्टर माँटेग्यू मरे यांची जबानी झाली. आपण कामास लागलो तेव्हा ॲस्बेस्टॉसच्या पिंजणखात्यात असलेल्या दहा जणांपैकी एकटा आपणच उरलो आहो, असे त्यांच्या एका रोग्याने मरणापूर्वी त्यांस सांगितले होते. इतके सांगूनही, हल्ली धुळीचा बंदोबस्त बराच होत असल्याने हा रोग पूर्वीइतका संभवत नाही, अशी पुस्ती मरे यांनी जोडली. सज्जन माणसाच्या अशा एका पुस्तीने किती वर्षे वाया जातात, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

नेली कर्शॉ ही रॉचडेलची ॲस्बेस्टॉस-कामगार स्त्री १९२४ साली तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करणारे डॉक्टर विल्यम कुक यांनी १९२७ साली त्या व्याधीस ॲस्बेस्टॉसिस हे नाव दिले. १९३० च्या सरकारी पाहणीनंतर १९३१ साली धुळीच्या बंदोबस्ताचे नियम झाले. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा, आणि १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या फुप्फुसावरणाच्या कर्करोगाचा या धुळीशी संबंध दाखविला. परंतु फुप्फुसात जाणारा प्रत्येक तंतू ज्या अरुंद दारातून आत शिरतो, आणि कफाबरोबर वर ढकलला गेल्यास ज्यातूनच परत येतो, त्या स्वरयंत्राकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे दोन आरोपी, तंबाखू आणि मद्य, आधीच हजर होते, आणि गोदीतला किंवा गिरणीतला मजूर या दोहोंपैकी एकाशी तरी बहुधा परिचित असे. आवाज घोगरा झाला, की वैद्य त्याच्या विडीकाडीची चौकशी करी; तीस वर्षांपूर्वी तो कोणत्या खात्यात होता, हे विचारण्याचा शिरस्ता नव्हता. तो प्रश्न लिव्हरपूलचे घशाचे शल्यविशारद स्टेल व त्यांचे सहकारी मॅकगिल यांनी विचारला. बोटींचे बॉयलर आणि नळ ज्या बंदरात याच आवरणाने मढविले जात, तेथे तो सुचावा हे योग्यच होते. १९७३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे स्वरयंत्राचा कर्करोग झालेल्या शंभर रोग्यांपैकी ३१ जणांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध आला होता. तुलनेसाठी घेतलेल्या शंभरांत असे अवघे ३ होते.

एवढ्या अंतरावर निकाल लागला असता, तर इतिहास सोपा झाला असता. नंतरच्या काही पाहण्यांनी या आकड्यांस दुजोरा दिला, काहींनी दिला नाही, आणि धूम्रपानाची वजावट करताच कित्येक ठिकाणी हे अंतर आटले. ही कसोटी शास्त्राच्या दृष्टीने न्याय्यच होती. पण तिच्या आडोशाने कारखानदारांना मुदतीवर मुदत मिळत गेली, हेही खरे. जर्मनीने १९९७ साली स्वरयंत्राचा कर्करोग ॲस्बेस्टॉसजन्य व्यवसायरोगांच्या यादीत घातला, तोही सोबत ॲस्बेस्टॉसिस असावा, फुप्फुसावरणावर धुळीच्या खुणा असाव्यात, अथवा ठरावीक मात्रेइतकी धूळ श्वासावाटे आत गेल्याचे सिद्ध व्हावे, अशा अटींवर. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २००६ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००९ साली कार्यकारणसंबंध मान्य केला. घशाच्या वरच्या भागाबद्दल, म्हणजे ग्रसनीबद्दल, पुरावा अद्याप मर्यादितच मानला जातो.

रॉचडेलच्या त्या पेढीतून वाढलेल्या टर्नर अँड न्यूऑल कंपनीचे हात मुंबईपर्यंत पोहोचले होते. मुलुंडला सिमेंटच्या पत्र्यांचा आणि घाटकोपरला ब्रेकच्या अस्तरांचा कारखाना तिच्याच परिवारातला होता. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी, असा हुकूम दिला. मात्र नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसच्या नावापुढे फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे दोनच कर्करोग लिहिलेले आढळतात; घोगऱ्या आवाजाच्या निवृत्त कामगारास भरपाई मागावयाची झाल्यास हा संबंध त्यालाच पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो.