खोडदचा सहसंबंधक : चिप, चित्र आणि संकलक

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील, 'जीएमआरटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेडिओ दुर्बिणीचा इतिहास बहुधा ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आणि गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची कल्पकता यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. ते यथार्थच आहे. तथापि तबकड्यांनी टिपलेले संकेत एकत्र आणणाऱ्या यंत्राला, म्हणजे सहसंबंधकाला, स्वतःचा इतिहास आहे. आणि तो मुख्यतः साधनांच्या निवडीचा आहे.

३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे संकेत कंप्रतेनुसार विभागून परस्परांशी गुणावे लागतात, तेही निरीक्षण चालू असतानाच. २००१ साली राष्ट्रार्पण झालेल्या दुर्बिणीत हे काम त्यासाठीच घडविलेल्या चिपांवर होत असे. अशा चिपेत गणिताचा क्रम कायमचा ठरून जातो. जयंत रॉय, यशवंत गुप्ता व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या रचनेत हेच गणित बाजारात मिळणाऱ्या, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या समूहाकडे आले. सहसंबंधक आता मजकूर झाला. तो दुरुस्त करून संकलकाकडे, म्हणजे रूढ शब्दांत कंपायलरकडे, पुन्हा देता येऊ लागला.

खरी कसोटी लागली ती दुर्बिणीच्या उन्नयनाच्या वेळी. कंप्रतापट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० वर न्यावयाचा होता. एवढ्या पट्ट्यासाठी सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात; ३० तबकड्या आणि प्रत्येकीची दोन ध्रुवणे धरता ही संख्या ४,८०० कोटींवर जाते. म्हणून कामाची वाटणी झाली. नमुने घेणे व त्यांची पाकिटे बांधून पाठविणे, हे वेळेशी काटेकोर बांधलेले काम 'रोच' बोर्डांवरील एफपीजीए चिपांकडे गेले. या चिपांच्या अंतर्गत जोडण्या कारखान्याबाहेर पडल्यावरही बदलता येतात. गुणाकाराचा भार ग्राफिक्स कार्डांनी उचलला.

रोचसाठी साधने होती ती बर्कली येथे उगम पावलेल्या कॅस्पर गटाची. त्यांत अभियंता ओळी लिहीत नाही; मॅटलॅबच्या सिम्युलिंकमध्ये ठोकळे मांडून ते रेषांनी जोडतो. चित्र वाचावयास सोपे खरे, परंतु त्यातील रेषा ही चिपेतील प्रत्यक्ष वाट होय. संकेत घड्याळाच्या ठरलेल्या ठोक्यात पलीकडे पोहोचला नाही, तर मांडणी पुन्हा करावी लागते, आणि एकेका मांडणीचे रूपांतर व्हावयास कित्येक तास लागू शकतात. शिवाय मॅटलॅब व झायलिंक्स यांच्या ठराविक आवृत्त्याच एकमेकींशी जुळतात, आणि परवाने विकत घ्यावे लागतात ते निराळेच. चित्राच्या सुलभतेची ही किंमत नवख्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

कार्डांसाठी एनव्हिडियाची, २००७ साली आलेली 'कुडा' स्वीकारली गेली. सी भाषा जाणणाऱ्यास ती परकी वाटत नाही. तिचा संकलक कार्डाचा भाग वेगळा काढतो आणि उरलेला नेहमीच्या सी संकलकाकडे सोपवितो, त्यामुळे बदल लवकर पडताळता येतो. मात्र ती त्या एकाच कंपनीच्या कार्डांसाठी आहे. अनेक उत्पादकांच्या कार्डांवर चालणारा ओपनसीएल हा पर्याय उपलब्ध होता. वेगाच्या निकडीपुढे हे बंधन पत्करणे समजण्याजोगे आहे. परंतु पुढे दुसऱ्या उत्पादकाची कार्डे घ्यावयाची झाल्यास गुणाकाराचा तेवढा भाग नव्याने लिहावा लागेल.