ठिगळ लावायचे राहिले

आमच्या येलदरीत पूर्णा नदीवर धरण आहे, 1968 सालचे. धरणाच्या गावात वाढलेल्या पोराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मातीच्या भरावात उंदराने बीळ केले, तर ते दिसेल त्या दिवशीच बुजवायचे. घरच्या संगणकाचेही तसेच आहे, हे मात्र मला फार उशिरा उमगले.

संगणक चालतो तो माणसांनी लिहिलेल्या आज्ञांवर, आणि इतक्या ओळी लिहिताना चुका राहायच्याच. एखाद्या चुकीतून परक्याला आत शिरता येते. विंडोजमध्ये, एका संगणकाने दुसऱ्याला फायली देण्याच्या व्यवस्थेत, अशी एक फट होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला ती ठाऊक होती. पण बुजवायला सांगण्याऐवजी तिने ती हेरगिरीसाठी राखून ठेवली. या प्रकरणातले पहिले पाप, माझ्या मते, तेच. मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी ठिगळ तयार करून दिले. एप्रिलमध्ये त्या संस्थेचे चोरलेले हत्यार कुणीतरी उघड्यावर मांडले. आणि 12 मे रोजी 'वॉनाक्राय' आला! दीडशे देशांत दोन लाखांवर संगणक त्याने कुलूपबंद केले व खंडणी मागितली. ठिगळ दोन महिने तयार होते, बरे का. लावायचे तेवढे राहिले होते.

एवढे होऊनही 27 जूनला 'नॉटपेट्या' त्याच फटीतून पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये, हिशेबाच्या एका प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीतून झाली. हल्लेखोर तो प्रोग्राम बनवणाऱ्यांच्याच घरात शिरले होते. त्याची खोड अशी, की एका फुटक्या यंत्रातून परवलीचे शब्द चोरून तो ठिगळ लावलेल्या यंत्रांतही जाई. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत आणि थेट आपल्या रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या धक्क्यावर पोचला. तिथले संगणकीय काम ठप्प झाले, माणसांना हाताने नोंदी कराव्या लागल्या. मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याच्या मुख्य नोंदीची एकच प्रत शाबूत सापडली, ती आफ्रिकेत घाना देशात. का वाचली? तर नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती. आपल्याकडेही वीज जाते म्हणा, पण तिच्या भरवशावर कसे राहावे?

माझ्या घरी तेव्हा काय होते, तेही सांगतो. 'यंत्र पुन्हा चालू करा' अशी पाटी रोज येई, आणि मी रोज 'नंतर' म्हणे. मे महिन्यात पाहिले, तर मार्चचे ठिगळ दाराशीच अडून बसलेले!

गुरुजी, आपल्या शाळेतला संगणक कोणत्या विंडोजवर चालतो, ते उद्याच बघा. एक्सपीची डागडुजी 2014 साली थांबली. विंडोज 10 ची सर्वसाधारण डागडुजी 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. अशा यंत्रावर बँकेचे काम करू नये. पाटी आली की यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे. चोरून उतरवलेली विंडोज असेल, तर ती काढून टाकावी. आणि निकालपत्रके, सात-बारा, लग्नाचे फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. मग ती डिस्क यंत्राला जोडून न ठेवता, तार काढून कपाटात ठेवावी.