दिस्नोको : एक द्राक्षमळा आणि सरकारी दप्तर

भौगोलिक मानांकनाचा आपला कायदा १९९९ साली संमत झाला आणि २००३ च्या सप्टेंबरात अमलात आला. त्या सुमारास या विषयाची जुनी परदेशी उदाहरणे वाचीत असताना एक नाव वारंवार समोर येऊ लागले. ते होते हंगेरीतील तोकाय. राज्यघटनेचे ४७ वे कलम पाठ असलेल्या सरकारी नोकराने मद्याच्या इतिहासात रमावे हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु माझे कुतूहल पेल्यापेक्षा दप्तराविषयी अधिक होते. शासनाने एखाद्या जिनसाचे काय भले करावे आणि काय वाटोळे करावे, या दोन्हींचा इतका लांब आणि इतका सुस्पष्ट पुरावा एकाच मुलुखात मला अन्यत्र आढळलेला नाही.

हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात बोद्रोग ही नदी तिसा नदीला जिथे मिळते तिथे तोकाय हे लहानसे गाव आहे. त्याच्या मागे जुन्या ज्वालामुखींच्या टेकड्या आणि त्यांच्या उतारांवर सत्तावीस गावांचे मळे. शरद ऋतूत नद्यांवरून सकाळी धुके चढते, दुपारी ऊन पडते, आणि या ओल्या-सुक्या खेळात पिकल्या द्राक्षावर बॉट्रिटिस नावाची बुरशी धरते. एरवी बुरशी म्हणजे नुकसान. येथे मात्र तिच्यामुळे दाण्यातील पाणी उडते, साल सुरकुतते आणि साखर, आम्ल, गंध हे सारे आत एकवटते. अशा दाण्याला तिकडे असू म्हणतात. तो घडातून एकेक करून हाताने वेचावा लागतो. वेचलेल्या दाण्यांची, सुमारे पंचवीस किलो मावेल अशी पाठीवरची लाकडी बादली म्हणजे पुत्तोनी. गोंत्स गावच्या १३६ लिटरच्या पिंपातील रसात किंवा साध्या वाइनमध्ये अशा किती पुत्तोनी दाणे भिजवले, त्यावर गोडीची प्रत ठरे. तीन पुत्तोनी, चार, पाच, सहा. न दाबता, केवळ स्वतःच्या भाराने दाण्यांतून जो रस ठिबकतो तो एसेन्सिया. त्यात लिटरमागे साडेचारशे ग्रॅमहून अधिक साखर असते आणि तो वर्षानुवर्षे अतिशय मंद गतीने आंबत राहतो.

अशी वाइन प्रथम कोणी केली याविषयी एक गोड आख्यायिका आहे. राकोत्सी घराण्याच्या चाकरीतील सेप्शी लात्सको माते या धर्मोपदेशकाने युद्धाच्या भयाने द्राक्षतोडणी लांबवली, दाणे सुकले, आणि १६३० च्या आसपास त्यातून ही वाइन निघाली, असे सांगतात. मात्र १५७१ सालच्या एका मालमत्तेच्या कागदात असू वाइनचा उल्लेख सापडला आहे. दप्तरे चाळणाऱ्यांना अशा वेळी जो आनंद होतो तो इतरांना सांगून कळण्यासारखा नाही.

शासनाचे पहिले मोठे काम १७३७ चे. त्या वर्षी राजाज्ञेने तोकायच्या गावांची हद्द बांधण्यात आली. या नावाने विकली जाणारी वाइन याच गावांची असली पाहिजे, असा त्याचा अर्थ. पोर्तुगालमधील दोउरो खोऱ्याची प्रसिद्ध आखणी १७५६ ची, म्हणजे त्यानंतर एकोणीस वर्षांनी झाली. अठराव्या शतकातच येथील मळ्यांची पहिली, दुसरी, तिसरी अशी प्रतवारी लागली आणि १७७२ पर्यंत ती पक्की झाली. माती कशी, उतार कोणत्या दिशेला, ऊन किती वेळ आणि असू कितपत धरतो, हे तिचे निकष होते. मराठी वाचकाला येथे गोल्डस्मिड आणि विंगेट आठवल्यावाचून राहणार नाहीत. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने दख्खनच्या जमिनीची खोली आणि दोष पाहून आण्यांत प्रत लावण्याची रीत पक्की केली, आणि तिच्या खुणा आपल्या महसुली भाषेत अजून आहेत. दोन्हीकडे कारकुनाने बांधावर उभे राहून माती हातात घेतली होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

या वाइनचे गिऱ्हाईक राजेरजवाडे होते. रशियन दरबाराने १७३३ पासून १७९८ पर्यंत तोकायमध्ये स्वतःचे खरेदी-मंडळ ठेवले होते. १७४५ च्या सुमारास त्याच्याबरोबर युक्रेनचा तत्त्वचिंतक कवी स्कोवोरोदा येथे आला, ही एक जाता जाता नोंदवण्यासारखी गंमत. पुढची उतरण थोडक्यात सांगतो. पोलंडच्या फाळण्यांनी सर्वांत मोठी बाजारपेठ मोडली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या किडीने वेली खाल्ल्या, आणि १९२० च्या त्रियानोन तहाने हंगेरीचा दोनतृतीयांश मुलूख गेला. माद, तोकाय, तोल्चवा या गावांतील वाइनचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या बव्हंशी ज्यूंच्या हाती होता. १९४४ मध्ये त्यांना छळछावण्यांत नेण्यात आले. मादचे १७९५ चे सिनेगॉग उभे राहिले. गिऱ्हाइकांचे पत्ते ज्यांना तोंडपाठ होते ती माणसे मात्र परतली नाहीत. या हानीची भरपाई कोणत्याही पुनरुज्जीवनाने झालेली नाही, असे माझे मत आहे.

साम्यवादी राजवटीत मळे सरकारजमा झाले आणि १९७१ मध्ये सरकारी शेती व तळघरे मिळून बोर्कोंबिनात हा महाउद्योग उभा राहिला. वाइनचे मुख्य गिऱ्हाईक सोव्हिएत संघ होता आणि त्याची मागणी परिमाणाची होती. मग ट्रॅक्टर चालावा म्हणून रुंद ओळी आल्या, लागवड चढावरून सपाटीवर उतरली, आणि पहिल्या प्रतीच्या उतारांवर झुडपे माजली. शेतकऱ्याला मोबदला वजनाने व साखरेच्या मापाने मिळे. द्राक्ष कोणत्या मळ्यातून आले याला किंमत उरली नव्हती. सर्व गावांचा माल एकाच तळघरात एकत्र होई. अर्धवट रिकाम्या पिंपांत वाइन हवा खात पडे, आंबणे थांबवण्यासाठी मद्यार्क घातला जाई, वाइन तापवूनही घेतली जाई. परिणामी तोकाय म्हणजे तपकिरी, शेरीच्या वळणाची वाइन, अशी दोन पिढ्यांची समजूत झाली. उद्दिष्टे मात्र पूर्ण होत होती. लक्ष्यांकांच्या तक्त्यांवर सह्या करण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना यात काही अपरिचित वाटणार नाही.

१९८९-९० मध्ये राजवट पालटली आणि लवकरच सोव्हिएत गिऱ्हाईकही नाहीसे झाले. जमीन कोणाला परत द्यायची, हा प्रश्न उभा राहिला. हंगेरीने मूळ शेत मूळ मालकाला देण्याचे टाळले. १९९१ च्या कायद्याने नुकसानभरपाईची रोखापत्रे दिली. दोन लाख फोरिंटपर्यंतच्या नुकसानीची पूर्ण भरपाई, पुढे उतरते प्रमाण आणि कमाल पन्नास लाख. ही रोखापत्रे घेऊन माणसे जमिनीच्या लिलावात बोली लावू लागली. १९३९ ते १९४९ या काळात मालमत्ता गमावलेल्यांसाठी १९९२ मध्ये वेगळा कायदा झाला. प्रशासकीय दृष्टीने हा मार्ग जलद होता, पण आजोबांचा मळा नातवालाच मिळेल याची खात्री त्यात नव्हती. बोर्कोंबिनातचे काही उत्तम मळे वेगळ्या कंपन्यांत काढून परदेशी भांडवलाला विकले गेले. तोकायच्या डोंगरावरील हेत्सोलो १९९१ मध्ये फ्रेंचांकडे गेला आणि ओरेमुस १९९३ मध्ये स्पेनच्या वेगा सिसिलिया घराण्याकडे. मादला १९९० मध्ये इंग्रज वाइनलेखक ह्यू जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक बागायतदारांना भागीदार करून रॉयल तोकायी ही कंपनी काढली होती. इश्तवान सेप्शी हे त्यांतलेच.

दिस्नोको हा मळा १९९२ मध्ये अक्सा या फ्रेंच विमा कंपनीने घेतला. नावाचा अर्थ रानडुकराचा खडक. मळ्यात त्या आकाराचा खडक आहे. १७७२ च्या प्रतवारीत तो पहिल्या प्रतीत होता, आणि खरेदीदारांना पटवण्यासाठी याहून भक्कम दाखला दुसरा नव्हता. साम्यवादी राजवटीने चाळीस वर्षांत कोणते द्राक्ष कुठले, ही ओळख पुसून टाकली. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांनी ती लिहून ठेवली होती. कंपनीच्या वाइन-विभागाचे प्रमुख तेव्हा बोर्दोचे जाँ-मिशेल काझ होते. त्याच सुमारास तिने गोड वाइनसाठी नामांकित असलेल्या सोतेर्न प्रदेशातील स्युदुइरो हा मळाही घेतल्यामुळे बुरशीच्या द्राक्षाचे ज्ञान घरातच होते. दिस्नोकोत वेली मोठ्या प्रमाणावर नव्याने लावल्या गेल्या, आणि आज सुमारे शंभर हेक्टरांवर फुर्मिंट, हार्शलेवेलू आदी जुनीच वाणे आहेत. वास्तुविशारद देझो एक्लर यांनी नवी वाइनशाळा बांधली. तिच्याजवळचे ट्रॅक्टर ठेवण्याचे गोलाकार घर तर एखाद्या देवळासारखे दिसते! ट्रॅक्टरला एवढा मान बोर्कोंबिनातनेही दिला नसेल.

खरा तंटा पुढे झाला. नव्या मंडळींनी पिंपे काठोकाठ भरून ठेवली, हवा लागू दिली नाही, मद्यार्क घालणे बंद केले. वाइन सोनेरी व फळाच्या गंधाची निघू लागली. हंगेरीत प्रत्येक वाइनला विक्रीपूर्वी सरकारी परीक्षकांची संमती लागे, आणि त्यांची जीभ तपकिरी वाइनवर घडली होती. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अशा वाइनना ‘ही तोकायसारखी लागत नाही’ या कारणाने संमती नाकारली गेल्याची उदाहरणे आहेत. नवे म्हणत, आम्ही बोर्कोंबिनातच्या आधीची रीत परत आणीत आहोत. विरोधक म्हणत, हे फ्रेंच तोंडवळ्याचे तोकाय आहे. माझा कल नव्यांकडे आहे, पण विरोधकांना मी मूर्ख म्हणणार नाही. दीर्घकाळ पिंपात राहिलेली वाइन थोडी हवा खाणारच, आणि जुन्या तोकायची चव नेमकी कशी होती हे सांगणारा कोण उरला होता? परीक्षकांपुढे नमुना एकच होता आणि तो सरकारी तळघरातला होता. वैशिष्ट्य जपण्यासाठी मंडळे नेमताना ‘पारंपरिक’ हा शब्द आपणही किती सहज लिहितो. परंपरेची तारीख कोणती, हे विचारणारा रकाना अर्जात नसतो.

लाभ सर्वांना सारखा झाला नाही. १९९४ च्या जमीन कायद्याने परदेशी व्यक्तींना व कंपन्यांना शेतजमीन घेण्यास मनाई केली. आधी आलेले आत राहिले. हजारो लहान बागायतदारांकडे तळघर नव्हते, भांडवलही नव्हते. बोर्कोंबिनातचा उरलेला भाग सरकारी कंपनी म्हणून पुढे अनेक वर्षे त्यांची द्राक्षे घेत राहिला, आणि दर किती असावा यावरून तिथे जो वाद होई तो ऊस-उत्पादकांच्या मुलुखातून आलेल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

नावाची लढाई हंगेरीने दिल्ली-मुंबईच्या वकिलांनाही अभ्यासावी वाटेल अशा चिकाटीने लढवली. १९९३ च्या युरोपीय कराराप्रमाणे इटलीतील ‘तोकाय फ्रिउलानो’ आणि अल्सासमधील ‘तोके पिनो ग्री’ ही नावे ३१ मार्च २००७ नंतर वापरता येणार नव्हती. इटलीकडून आव्हान गेले, पण २००५ मध्ये युरोपीय न्यायालयाने करार उचलून धरला. इटलीतील त्या शेतकऱ्यांच्या द्राक्षाचा तोकायशी काही संबंध नव्हता, हे खरे. पण ते नाव त्यांच्या आजोबांनीही वापरले होते, हेही खरे. त्रियानोनच्या रेषेपलीकडे स्लोवाकियात गेलेल्या गावांचे मात्र निराळे. ती मूळ टेकड्यांचाच भाग असल्याने नावावरचा त्यांचा हक्क हंगेरीला मोडता आला नाही.

२००२ मध्ये हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत आला. २०१३ च्या नियमांनी तीन व चार पुत्तोनींच्या प्रती रद्द केल्या. असूसाठी आता लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर आणि ओकच्या पिंपात किमान अठरा महिने लागतात. सहा पुत्तोनी लिहायचे तर साखर १५० ग्रॅम हवी. दाणे प्लास्टिकच्या पेट्यांतून वाहिले तरी चालते, मोजमाप प्रयोगशाळेत होते. गोड वाइनचा खप जगभर मर्यादित असल्याने दिस्नोकोसह बहुतेक मळे आता फुर्मिंटची कोरडी वाइनही करतात, आणि तिच्या बाटलीवर पुष्कळदा मळ्याचे नाव असते. ते नाव अठराव्या शतकातील नोंदींत कोणत्या प्रतीत होते, हे गिऱ्हाईक विचारतात आणि विक्रेते सांगतात.