विसरवाडीच्या उपासनेतला टाळ

धुळे–सुरत महामार्गावरच्या आमच्या विसरवाडीत रविवारी ख्रिस्ती उपासनेला मी टाळ धरतो. एका अंगाला मावची जमातीची मावशी, दुसऱ्या अंगाला कोकणी जमातीचे मास्तर. घरच्या बोली वेगळ्या, कुळं वेगळी, भजन मात्र टिळकांचं. नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणातल्या करजगावी ब्राह्मण घरात जन्मले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे विसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशात स्वीडिश मिशनरी वावरले. पण मावशी डोळे मिटून आळवते ती चाल परदेशी नाही, अभंगाची, ओवीची. मला हेच मोठं वाटतं. उपासनेत एकत्र असलो तरी सोयरीक जुळवताना जमात अजून आडवी येते, आणि ते मला सलतं. एका ताटात प्रभुभोजन घेणाऱ्यांनी मांडवातही एकत्र बसावं.